विषयांच्या वेशीपलीकडे

दहावीचा निकाल लागला की भिलाईच्या सेक्टर 10 मधील घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : "गणित घेणार की जीवशास्त्र?" विचारणाऱ्या काकांच्या किंवा मावशींच्या मनात आस्थेवाचून दुसरे काही नसते. तथापि या चार शब्दांत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे पुढील सारे शिक्षण दोन वाटांपैकी एका वाटेवर ढकलले जाते. एक वाट अभियंत्याची, दुसरी डॉक्टरची. इतिहास, भूगोल, संगीत, चित्रकला, इतकेच काय, स्वतःची भाषादेखील त्या दिवसापासून 'वेळ खाणारे विषय' ठरतात.

या शहराला असे वाटण्यास सबळ कारण आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे येथे आली, महाराष्ट्रातूनही आली. त्यांपैकी कित्येकांच्या घरात शिक्षणाच्या बळावर पगार आणणारी ती पहिलीच पिढी होती. ज्या घराला विज्ञानाने पक्के छप्पर दिले, त्या घराने विज्ञानाकडे नोकरीची हमी म्हणून पाहिले, तर त्यात नवल नाही. 2016 साली सुरू झालेली भारतीय प्रौद्योगिकी संस्था, भिलाई, आता याच दुर्ग जिल्ह्यात कुटेलाभाठा येथे स्वतःच्या परिसरात उभी आहे. मात्र सेक्टर 10 मधील विद्यार्थ्याला ती गुणानुक्रमाने उघडणारे एक दार वाटते. आपल्या मनातील एखादी शंका घेऊन तेथे जाता येईल, असे त्याला कोणी सांगितलेले नसते.

माझा आक्षेप अभियांत्रिकीला नाही आणि वैद्यकालाही नाही. विज्ञान शाखेची दोन वर्षे पूर्ण करूनही विद्यार्थ्याच्या वाट्याला असा एकही प्रश्न येत नाही, ज्याचे उत्तर त्याच्या शिक्षकालाही ठाऊक नसते. आक्षेप आहे तो याला.

प्रयोगशाळेचेच उदाहरण घेऊ. साध्या लंबकाच्या साहाय्याने गुरुत्वत्वरण काढावयाचे असते. उत्तर 9.8 च्या जवळपास यावे, हे विद्यार्थ्याला दोरा बांधण्यापूर्वीच माहीत असते. ते 9.1 आले, तर तो लंबकाकडे पुन्हा पाहत नाही. वहीतील आकडे पाहतो आणि ते हलकेच 'बरे' करून घेतो. हे देशभर चालते, आणि सर्वांना ठाऊक असते. ज्या क्षणी मुलाने विचारावयास हवे होते की 9.1 का आले, दोरा ताणला गेला काय, दोलने मोजताना चूक झाली काय, नेमका तोच क्षण आपण त्याच्याकडून काढून घेतो. वस्तुतः संशोधनाचा आरंभ त्या चुकलेल्या आकड्यापाशी होत असतो.

असा आकडा आणि असा प्रश्न विषयांची वेस पाळत नाही. गोव्यात 1907 साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे व्यवसायाने गणिती. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केले. तक्षशिलेला सापडलेली प्राचीन आहत नाणी त्यांच्यासमोर आली, तेव्हा त्यांनी ती तराजूत घातली. हातोहात फिरताना नाणे झिजते, म्हणून जे अधिक झिजले ते अधिक काळ चलनात राहिले, असा त्यांचा साधा तर्क होता. परंतु तर्क साधा म्हणून तो खरा ठरत नाही. कोसंबींनी आधी आपल्याच काळातील चलनी नाणी वजन करून पाहिली, झीज आणि काळ यांचा मेळ संख्याशास्त्राने तपासला आणि मगच ते प्राचीन नाण्यांकडे वळले. पुढे ही नाणी कोणत्या राजांनी पाडली, हा प्रश्न आला. त्यासाठी संस्कृत ग्रंथ आले, पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवरील अश्मयुगीन हत्यारे आली, खेड्यांतील देवदेवता आल्या. त्यातून 1956 साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवे वळण देणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आणि याच माणसाचे एक गणिती सूत्र जनुकांमधील अंतर मोजण्यासाठी आनुवंशशास्त्रात आजही वापरले जाते! दहावीनंतर त्यांना कोणी विचारले असते, "गणित की इतिहास?", तर त्यांनी काय उत्तर दिले असते?

कोसंबी असामान्य होते, आपल्या मुलांचे काय, असे कोणी म्हणेल. म्हणून सेक्टर 10 मध्येच परत येऊ आणि सामान्य विद्यार्थ्याला, सामान्य खर्चात करता येईल असा एक शोध मांडून पाहू.

भिलाईची वसाहत आखताना रस्त्यांच्या दुतर्फा झाडे लावण्यात आली. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा वसाहतीतील सावलीच्या रस्त्यावरून बाजाराच्या उघड्या रस्त्यावर येताच फरक अंगाला जाणवतो. पण तो किती अंशांचा? दुपारी अधिक असतो की रात्री? दोन साधे तापमापक घेतले, तर एवढ्या प्रश्नावर महिनाभर काम करता येईल. पहिल्या दिवशी दोन्ही तापमापक एकाच ठिकाणी शेजारी शेजारी टांगावे. एक दुसऱ्यापेक्षा अर्धा अंश जास्त दाखवीत असेल, तर तेवढा फरक पुढे सतत वजा करावा लागेल. कोसंबींनी चालू नाणी आधी तोलली, ती याच न्यायाने. मग एक तापमापक झाडांच्या गल्लीत, दुसरा बाजारात. दोन्ही सारख्या उंचीवर, दोन्ही थेट उन्हापासून आडोशाला. हवामान खाते आपला तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंच ठेवते, त्यामागील कारण येथे आपोआप कळते. पहाटे, दुपारी आणि रात्री, ठरलेल्या वेळी, रोज नोंद घ्यावयाची. एखादा दिवस चुकला तर 'चुकला' असेच लिहावयाचे.

येथपर्यंत हे भौतिकशास्त्र झाले. आठवडाभरात दिसू लागेल की सिमेंटच्या भिंती दिवसा साठविलेली उष्णता रात्री सोडतात. आणि झाडे केवळ सावली देत नाहीत, तर पानांतून बाष्प सोडून हवाही गार करतात. म्हणजे वनस्पतिशास्त्र आले. कडुनिंबाची गल्ली आणि गुलमोहराची गल्ली यांत फरक पडतो काय? ही झाडे कोणी, केव्हा लावली? हे सांगू शकतील असे निवृत्त कामगार याच वसाहतीत भेटतात. त्यांच्याशी हिंदीत, मराठीत, छत्तीसगढीत बोलावे लागेल, आणि ते जे बोलले तेच लिहावे लागेल. एखादे आजोबा हमखास म्हणतील, "आमच्या वेळी एवढे ऊन नव्हते." ते खरे की आठवणीचा खेळ, हे हवामान खात्याच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहणे हा इतिहासाचा धडा. आणि ज्या वस्तीत झाड नाही, पत्र्याचे छप्पर आहे, कुलर नाही, तेथील रात्रीचे तापमान नोंदले, तर हा शोध नागरिकशास्त्रात जाऊन पोहोचतो. या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही पुस्तकाच्या शेवटी छापलेली नाहीत. शिक्षकालाही ती माहीत नसतील, आणि त्याने तसे मोकळेपणाने सांगावे.

भाषेचा अभ्यासक म्हणून येथे थोडे विषयांतर करतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला भाषा निबंधापुरती लागते, हा एक रुजलेला गैरसमज आहे. भातशास्त्रज्ञ डॉ. आर. एच. रिछारिया यांनी रायपूर येथे राहून छत्तीसगढ व तत्कालीन मध्य प्रदेशातून भाताचे सुमारे 19,000 नमुने जमविले. दुबराज, जवाफूल, विष्णुभोग, गुरमटिया ही नावे प्रयोगशाळेत जन्मलेली नाहीत. कोणते भात लवकर पिकते, कोणते सुवासिक, कोणते पाण्यात तग धरते, हे ज्ञान शेतकऱ्याच्या बोलीत साठलेले होते. ज्याला ती बोली ऐकता येत नाही, त्याच्या हाती फक्त दाणे लागतात.

शालेय वयात संशोधनाची संधी आपल्याकडे अगदीच नाही असे नाही. मुंबईत विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने 1981 पासून घेतलेल्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेच्या जोडीला प्रात्यक्षिक आणि कृती-संशोधन आले. डॉ. जयंत नारळीकरांनी पुण्यात उभारलेल्या आयुका संस्थेत शाळकरी मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत एक आठवडा एखाद्या शास्त्रज्ञाच्या सहवासात, ठरीव पाठ्यक्रमाविना, काम करता येऊ लागले. 1993 पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने मुलांना आपल्या परिसरातील प्रश्नावर गटाने प्रकल्प करण्यास उद्युक्त केले. तिची मला सर्वांत भावलेली गोष्ट अशी की शाळेबाहेरच्या मुलांनाही तिने दार उघडे ठेवले. याउलट 1999 साली सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना गुणी मुलांना निवडून शिष्यवृत्ती देत असे. 2022 मध्ये ती 'इन्स्पायर' योजनेत विलीन झाली.

पण या साऱ्या संधी निवडलेल्यांसाठी, मोठ्या शहरांजवळच्यांसाठी किंवा ठरावीक वयाच्या मुलांसाठी आहेत. बालविज्ञान परिषद दहा ते सतरा या वयासाठी. मग बत्तिसाव्या वर्षी बारावीला बसणाऱ्या वेल्डरने काय करावे? वितळलेला धातू थंड होताना तडा का जातो, हे त्याने शेकडो वेळा पाहिलेले असते. शाळेत जाणाऱ्या मुलाजवळ वेळ असतो आणि प्रश्न शोधावे लागतात. काम करणाऱ्या माणसाजवळ प्रश्न असतात आणि वेळ शोधावा लागतो. शिक्षणव्यवस्था यातील पहिल्याचाच विचार करीत आली आहे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान यांच्यामध्ये कठोर भिंत नसावी, असे म्हटले आहे. धोरण चांगले आहे. ते अडते वेळापत्रकात. भौतिकशास्त्राचा तास आणि इतिहासाचा तास एकाच वेळी असेल, इतिहासाचे शिक्षक दुसऱ्या इमारतीत असतील, तर मुलाला दिलेले स्वातंत्र्य कागदावरच राहते. आपले मुक्त विद्यालय या बाबतीत पुष्कळ पुढे आहे. येथे शाखा ही वस्तूच नाही. उच्च माध्यमिक प्रमाणपत्रासाठी किमान पाच विषय, त्यांत एक भाषा. बाकी निवड आपली. रसायनशास्त्राबरोबर चित्रकला घ्या, जीवशास्त्राबरोबर इतिहास घ्या. एकदा नाव नोंदविले की पाच वर्षांची मुदत असते आणि उत्तीर्ण झालेल्या विषयांचे श्रेय जमा राहते. मात्र पुढे ज्या पदवीला जावयाचे, तिला कोणते विषय आवश्यक आहेत, हे आधी पाहूनच निवड करावी.

पण पाच वेगळे विषय एका गुणपत्रिकेवर आले, म्हणजे ते एकमेकांशी बोलू लागतात असे नव्हे. त्यांना बोलते करणारा प्रश्न लागतो. पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न टिकलेली मुले तेथे आली. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशी चारही अंगे एकाच मुलाने हाताने काम करून शिकावयाची. जमिनीत विद्युत्प्रवाह सोडून, तिचा रोध मोजून, पाणी कोठे लागेल याचा अंदाज तेथील मुले बांधू लागली. शेतकऱ्याचा विहिरीवरचा खर्च त्या आकड्यावर अवलंबून असे, त्यामुळे आकडा 'बरा' करून घेण्याचा मोह तेथे कोणाला होणार? या आश्रमाच्या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या पदविकेला मुक्त विद्यालयाने मान्यताही दिली.

म्हणून माझे मत असे, की उच्च माध्यमिक पातळीवर विज्ञानाच्या विद्यार्थ्याला 'शोधप्रकल्प' हा एक पूर्ण ऐच्छिक विषय म्हणून घेता यावा, आणि त्याचे गुण इतर विषयांच्या बरोबरीने धरले जावेत. जगात याला आधार आहे. आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट पदविकेत प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः निवडलेल्या प्रश्नावर कमाल 4,000 शब्दांचा शोधनिबंध लिहावाच लागतो. तेथली फी आपल्या आवाक्याबाहेरची असते, पण एका प्रश्नावर वर्षभर काम करण्यास फी लागत नाही.

या सूचनेवर एक हरकत हमखास येईल, आणि ती पोकळ नाही. तयार प्रकल्प आज वह्यांच्या दुकानात विकत मिळतात. संगणकावर तर ते क्षणात तयार होतात. रंगीत मुखपृष्ठाचा, बांधलेला अहवाल मागितला, तर अहवालच मिळेल. म्हणून गुण अहवालाला नकोत. ते रोजच्या नोंदवहीला द्यावेत, खाडाखोडीसह, चुकलेल्या दिवसांसह. आणि त्या वहीवर अर्धा तास समोरासमोर बोलून द्यावेत. "14 मेच्या रात्री बाजारातला आकडा अचानक खाली का आला?" असे परीक्षकाने विचारावे. ज्याने तापमापक स्वतः पाहिला असेल, तो सांगेल की त्या संध्याकाळी वळीव येऊन गेला होता.