बोटांनी पाहायचा नकाशा



भूगोलाच्या तासाला बाई भिंतीवर नकाशा लावतात. "शिरूर दाखवा, दौंड दाखवा," म्हटलं की तुम्ही धावत पुढे जाता. पण वर्गातल्या एखाद्या मित्राला दिसत नसेल तर? त्याच्या हाताला लागणार नुसता गुळगुळीत कागद! चला, आज त्याच्यासाठी नकाशा करू या.

आधी एक गंमत. कुणाला तरी डोळे मिटायला सांगा. गूळ काढलेल्या दोन आगकाड्या अर्ध्या सेंटिमीटरवर धरून त्याच्या बोटाच्या टोकाला हलकेच लावा. दोन टोकं आहेत हे लगेच कळेल. आता त्याच पाठीला लावा. एकच टोक वाटेल! बोटाचं टोक असं हुशार असतं. फ्रान्सच्या लुई ब्रेलने १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा ठिपक्यांची लिपी रचली ती याच बळावर.

पण बरं का, डोळा सगळं चित्र एकदम पाहतो. बोट थोडं थोडं चाचपतं आणि तुकडे मनात जोडतं. म्हणून रेघा मोजक्या आणि सुट्या हव्यात. हल्ली एक खास कागद मिळतो. त्यावर काळ्या शाईने चित्र काढून यंत्रात तापवलं, की काळा भाग फुगून वर येतो. आपलं काम मात्र पुठ्ठा, सुतळी आणि डिंकावर भागेल.

नकाशातल्या नद्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने मोठ्या उतरवून घ्या. भीमेवर जाड सुतळी चिकटवा, तिला मिळणाऱ्या घोड नदीवर बारीक दोरा. घोडकाठच्या शिरूरला हरभऱ्याची डाळ, भीमाकाठच्या दौंडला शर्टाचं बटण. वरचा उजवा कोपरा कापा, म्हणजे उत्तर कुठे ते कळेल. रस्ते, रेल्वे, हद्दी? त्यांना दुसरा पुठ्ठा!

रात्रभर वाळू द्या. मित्राला कोणती खूण कशाची ते सांगा आणि म्हणा, "शिरूरहून नदीनदीने दौंडला जा." तो दोऱ्यावरून निघेल, सुतळी लागली की संगम, तिथून पुढे बटण! त्याचा हात धरून ओढू नका. मध्येच अडखळला तर जागा लिहून ठेवा आणि तिथे नकाशा सुधारा. चूक त्याची नाही, आपल्या नकाशाची!