विश्लेषण : चीनमध्ये कामानंतरचं जेवणही कामच! काय आहे ‘यिंगचोऊ’?

अहिल्यानगर जिल्ह्यातील सुपा एमआयडीसीत अमेरिकेच्या कॅरियर आणि चीनच्या मिडिया या कंपन्यांच्या भागीदारीतला एसी व घरगुती उपकरणांचा कारखाना आहे. चिनी उद्योगांशी व्यवहार आता मुंबई-पुण्यापुरता उरलेला नाही. हा कारखाना असो वा नसो, चीनमध्ये जाऊन धंदा करणाऱ्याला एक शब्द माहीत हवा : यिंगचोऊ.

शब्दाचा अर्थ काय?

मूळ अर्थ, यजमान-पाहुण्यांनी एकमेकांना पेला देऊन मान राखणं. आजचा अर्थ, मनात नसलं तरी कामासाठी जावंच लागतं ती जेवणं. घरी उशिरा पोहोचलेल्या नवऱ्याला ‘यिंगचोऊ होतं’ एवढं सांगितलं तरी पुरतं. मराठीत ‘हजेरी लावणं’ जवळचं. पण लग्नाला हजेरी लावून, आहेर देऊन सटकता येतं. इथे शेवटपर्यंत बसावं लागतं.

टेबलावर काय चालतं?

‘जिंगजिऊ’ म्हणजे मानाचा पेला. कनिष्ठाने उठून साहेबाकडे जायचं आणि आपला पेला त्याच्या पेल्यापेक्षा खाली धरायचा. उशिरा आलात तर ‘फाजिऊ’, दंडाचा पेला. साहेबाला झेपत नसेल तर त्याच्या वाटचं हाताखालच्याने प्यायचं, ते ‘दांगजिऊ’. दारू बहुधा ‘बाईजिऊ’, जिच्यात अल्कोहोल अनेकदा 50 टक्क्यांहून अधिक असतं. हे आदरातिथ्य कमी आणि उतरंड जास्त.

विरोध होतो का?

होतो. ऑगस्ट 2021 मध्ये अलिबाबाच्या एका महिला कर्मचाऱ्याने कामाच्या दौऱ्यात दारू पिण्याची सक्ती आणि लैंगिक अत्याचार झाल्याचा आरोप केला. देशभर संताप उसळला. सक्तीच्या मद्यपानाला आपला विरोध असल्याचं कंपनीला जाहीर करावं लागलं. सरकारी मेजवान्यांवर 2012 पासून निर्बंध आहेत. मे 2025 मध्ये कामकाजाच्या सरकारी जेवणात दारू देण्यावरच बंदी आली. खासगी कंपन्यांना मात्र हे नियम लागू नाहीत.

मग नाही कसं म्हणायचं?

सुपा ज्या पारनेर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात दारूबंदीसाठी ओळखलं जाणारं राळेगणसिद्धी आहे. तिथे ‘माळकरी आहे’ म्हटलं की आग्रह थांबतो. चीनमध्ये चालतात ती कारणं वेगळी : औषध सुरू आहे, किंवा गाडी चालवायची आहे. 2011 पासून तिथे दारू पिऊन गाडी चालवणं फौजदारी गुन्हा असल्याने दुसरं कारण सहसा मोडलं जात नाही. कारण पहिल्या पेल्याआधी सांगायचं. एक पेला घेतल्यावर दुसऱ्याला नकार दिला, तर तो समोरच्याचा अपमान ठरू शकतो.