दवाखान्याचा मालक कोण?

अलास्कातल्या अँकरेज शहरात मूळनिवासी समाजाची साऊथसेंट्रल फाउंडेशन नावाची आरोग्य संस्था आहे. तिथे पेशंटला पेशंट म्हणत नाहीत, ‘ग्राहक-मालक’ म्हणतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही शब्दांची चलाखी वाटली होती.

पूर्वी या लोकांचे दवाखाने अमेरिकेचं केंद्र सरकार चालवायचं. तासन् तास ताटकळायचं, दर वेळी नवा डॉक्टर, पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी सांगायची. १९७५ च्या कायद्याने जमातींना हा कारभार निधीसह स्वतःकडे घेण्याचा हक्क दिला. १९८२ मध्ये ही संस्था स्थापन झाली. १९८७ मध्ये कॅथरीन गॉटलीब तिथे रिसेप्शनिस्ट म्हणून लागल्या आणि १९९१ मध्ये त्याच संस्थेच्या प्रमुख झाल्या. रांगेतल्या माणसाचा चेहरा रोज पाहिलेली बाई!

मग संस्थेने लोकांनाच विचारलं, तुम्हाला काय हवंय? उत्तरं साधी होती: त्याच दिवशी भेट मिळावी, ओळखीचा डॉक्टर असावा, आदराने बोलावं. त्यावरून सगळी व्यवस्था नव्याने बांधली गेली. प्रत्येक कुटुंबाला डॉक्टर, नर्स, सहायक अशी ठरलेली टीम मिळाली आणि मानसिक आरोग्याचा सल्लागारही तिथेच बसू लागला. २०११ आणि २०१७ मध्ये संस्थेला माल्कम बाल्ड्रिज राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार मिळाला.

यावरून ‘आपला माणूस खुर्चीत बसवा, काम होईल’ असा अर्थ कुणी काढू नये. आपली माणसं आपल्या ट्रस्टांवर बसलेलीच आहेत की! आमच्या मोहल्ल्यातल्या ट्रस्टच्या दवाखान्यात रांगेत बहुतेक बायका असतात, ट्रस्टी मंडळात एकही नाही. ट्रस्टींना स्वतःला ताप आला तर ते मोठ्या खासगी हॉस्पिटलात जातात. त्यांची नियत मी वाईट म्हणत नाही, खिशातून पैसे घालणारे लोक आहेत. पण ज्याला त्या बाकड्यावर कधी बसावंच लागत नाही, त्याला बाकडं मोडलंय हे कळणार कसं?

गॉटलीब २०२० मध्ये पायउतार झाल्या. जवळपास तीस वर्षं एकच व्यक्ती प्रमुख असावी, हे मला स्वतःला पटत नाही. तरी त्या गेल्यावरही दवाखाना सुरू राहिला, कारण संचालक मंडळ समाजाचंच होतं.

पुढच्या महिन्यात आमच्या ट्रस्टची सभा आहे. केसपेपर काढणाऱ्या आपाला सभेचं बोलावणं का नसतं, हे मी तिथे विचारणार आहे.