बँक पुन्हा पुन्हा केवायसी का मागते?

‘केवायसी अपडेट करा, नाहीतर खातं बंद’ असा मेसेज आला की घाबरायला होतं. ठगांचा धंदा याच भीतीवर चालतो.

नियम काय आहे? दुसऱ्याच्या ओळखीवर कुणी खातं वापरू नये, म्हणून रिझर्व्ह बँकेने ठरावीक काळाने तपासणी बंधनकारक केली आहे. जास्त जोखमीच्या खात्यांची किमान दर २ वर्षांनी, मध्यम ८ आणि कमी जोखमीची १० वर्षांनी.

दरवेळी झेरॉक्सचा गठ्ठा लागतो का? नाही. माहिती बदलली नसेल तर तसं लेखी कळवणं पुरतं. बँकेत नोंदवलेल्या ईमेल किंवा मोबाइलवरून, एटीएम किंवा नेट बँकिंगमधूनही ते देता येतं.

२०२५ मध्ये काय बदललं? आता बँकेने मुदतीआधी किमान तीन सूचना आणि मुदतीनंतरही अपडेट झालं नाही तर तीन आठवणी द्यायच्या. दोन्ही वेळा त्यातली एक तरी पत्राने.

म्हणूनच ‘आज रात्री खातं बंद’ म्हणणारा मेसेज संशयास्पद समजा. लिंक उघडू नका, ओटीपी देऊ नका. शाखेत विचारा. झेरॉक्स द्यावीच लागली तर त्यावर तारीख आणि कारण लिहा. फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा.