काठी घेण्यापूर्वी



गेल्या वर्षी वेल्समधून मला एक पत्र आले. लिहिणारा तरुण आपल्याच सीमाभागातील. तेथील एका रुग्णालयात परिचारकाचे काम करतो. लहानपणी मांजरेच्या डोहावर वडिलांशेजारी गळ टाकून बसण्यात त्याच्या कित्येक संध्याकाळी गेल्या. वडील आता हयात नाहीत. पत्रातील मजकूर त्याच्या अनुमतीने देत आहे. नावगाव मात्र देत नाही.

त्याने लिहिले होते : "फादर, येथील एक वडीलधारे सहकारी मला रात्री नदीवर नेतात. परवा त्यांची काठी माझ्या हाती असताना मासा लागला. बानं शिकविल्याप्रमाणे मी जोराचा झटका दिला आणि मासा सुटून गेला. आता स्वतःची काठी घ्यावी असे मनात आहे. दुकानदाराने सर्वांत ताठ आणि सर्वांत महाग काठी दाखविली. धाकटीच्या नर्सिंग कॉलेजच्या फीचे पैसे बाजूला ठेवले आहेत. त्यांतून तूर्त घेतली तर चालेल काय? आईला इतक्यात सांगू नका."

या पत्राला मी जे उत्तर धाडले, त्याचा सारांश येथे देतो. आज आपल्या पुष्कळ घरांतील मुले परदेशी आहेत, आणि जी घरी आहेत त्यांतील कित्येक सुट्टीच्या दिवशी तलावावर गळ घेऊन बसतात. दोघांनाही त्याचा उपयोग होईल.

काठी निवडावयाची तर प्रथम मासा ओळखला पाहिजे. वेल्समधील त्या माशाला समुद्री ट्राउट म्हणतात. तेथील लोक त्याला 'सूइन' म्हणतात. त्याची जात निराळी नाही. नदीतच जन्म काढणारा तपकिरी ट्राउट आणि हा, दोघे एकाच जातीचे. त्यांतील काही पिले नदी सोडून समुद्रात जातात, तेथे भरपूर खाऊन रुपेरी व धष्टपुष्ट होतात आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा गोड्या पाण्यात, बहुतेक आपल्या जन्माच्याच नदीत, परत येतात. टाउई नावाची नदी या माशासाठी प्रसिद्ध आहे. तिची लांबी सुमारे 120 किलोमीटर. आपली मांजरा बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरात उगवून गोदावरीस मिळेपर्यंत 700 किलोमीटरांहून अधिक चालते. टाउईवर हंपीच्या तुंगभद्रेवरल्यासारख्या गोल टोपलीवजा नावांतून जाळी टाकण्याची जुनी रीत आहे, हे वाचून मला मोठी गंमत वाटली.

हा मासा दिवसा अतिशय बुजरा असतो. म्हणून जाणते लोक त्याला रात्री गाठतात. गळाला आमिष नसते, तर पिसे व केस बांधून केलेली बनावट माशी असते. तिला वजन जवळजवळ नसतेच. आपण गळ फेकतो तेव्हा शिशाचा तुकडा तंगूस ओढून नेतो. येथे उलट जाड व जड दोरी स्वतः पुढे जाते आणि हलक्या माशीला मागे घेऊन जाते. तेव्हा काठी दोरीला साजेशी हवी. म्हणून दोऱ्यांना त्यांच्या पहिल्या 30 फुटांच्या वजनावरून क्रमांक दिले आहेत, आणि काठीवरही तोच क्रमांक छापलेला असतो. 7 क्रमांकाच्या दोरीचा तेवढा भाग सुमारे 12 ग्रॅम भरतो, 8 क्रमांकाचा साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. मोठ्या नदीवर समुद्री ट्राउटसाठी साधारणपणे 10 फूट लांबीची, 7 किंवा 8 क्रमांकाची काठी घेतात. लहान ओढ्यावर 9 फुटांची, 6 क्रमांकाची पुरते.

आता ताठपणाविषयी. त्या तरुणाची चूक येथेच झाली, आणि ती चूक त्याच्या वडिलांच्या शिकवणीत नव्हती. आपल्याकडे मरळ पाणवनस्पतींच्या कडेला दबा धरून असते. गळ लागताच ती झाडोऱ्यात शिरते आणि तंगूस गुंतवून तोडते. तिला तत्काळ ओढून बाहेर काढावी लागते. म्हणून आपल्या लोकांची काठी ताठ आणि हात झटक्याचा. समुद्री ट्राउटचे तोंड मऊ असते. ताठ काठीच्या झटक्याने गळ तोंड फाडून निघतो. त्याला अशी काठी हवी, जी मध्यापर्यंत वाकते आणि माशाचा हिसका स्वतःवर घेते. अशा काठीचा दुसराही लाभ आहे. रात्रीच्या अंधारात दोरी डोळ्यांना दिसत नाही. मागे पूर्ण पसरली की नाही, हे काठीवर येणाऱ्या भारावरून हातालाच कळावे लागते. ताठ काठी मुकी असते. मांजरेवर वडिलांचे बरोबरच होते. टाउईवर मासा निराळा आहे, एवढेच.

सेमिनरीत असताना आमच्या एका वयोवृद्ध युरोपीय प्राध्यापकांजवळ चिरलेल्या बांबूची जुनी काठी होती. बांबूच्या लांब तिकोनी चिरफळ्या काढून, सहा एकत्र चिकटवून ती बनविलेली असते. एकदा ती माझ्या हाती देऊन ते म्हणाले की, एकोणिसाव्या शतकात अशा काठ्यांना लागणारा बांबू हिंदुस्थानातून जात असे. त्याचे नावच 'कलकत्ता केन' पडले होते. पुढे त्याची जागा चीनच्या बांबूने घेतली, दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंच्या काठ्या आल्या आणि 1970 च्या दशकापासून कार्बनतंतूंच्या. त्या तरुणाला मी हे मुद्दाम लिहिले. ज्या बांबूवर त्याच्या वडिलांनी त्याला मासा धरावयास शिकविले, त्या बांबूला त्या देशातही एके काळी मान होता.

आपल्या मुलांना बांबूचीच काठी करावयाची असेल, तर कोवळा बांबू घेऊ नये. तीन वर्षे उलटलेला, भरीव, जवळजवळ पेरांचा घ्यावा. तो हिवाळ्यात तोडावा, म्हणजे भुंगा कमी लागतो. पुढे सावलीत, टोकाला वजन बांधून टांगून वाळवावा, म्हणजे सरळ राहतो.

परंतु बाजारातील कार्बनची काठी घेणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगतो. कार्बनमधून वीज वाहते. ब्रिटनमध्ये तर विजेच्या तारांपासून 30 मीटरच्या आत गळ टाकू नये, असा इशारा दिलेला असतो. आपल्याकडे शेताच्या बांधावरून, तलावाच्या काठावरून तारा लोंबत गेलेल्या असतात. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः नवी काठी उघडून खांद्यावर घेऊन बांधावरून चाललो होतो. मागून एका शेतकऱ्याने "फादर, थांबा!" अशी हाक मारली नसती, तर आज हे सदर लिहावयास मी नसतो. तार माझ्या काठीच्या टोकापासून हातभरही दूर नव्हती. तेव्हापासून पाण्याजवळ पोहोचेपर्यंत मी काठी मिटूनच नेतो. बांबू ओला असला तर त्यातूनही वीज येऊ शकते, हे विसरू नये. आईबापांनी मुलांना हे आजच समजावून द्यावे.

राहिला पैशांचा प्रश्न. त्या तरुणाला मी स्पष्ट लिहिले : "चांगली काठी शेकडो पौंडांना पडते. नवशिक्याच्या हातात तिचा निम्मा गुण वाया जातो. एक हंगाम त्या सहकाऱ्यांची जुनी, मऊ काठी मागून घे. ज्याला आपला हात अजून कळला नाही, त्याला काठी निवडता येत नाही. आणि फीची तारीख काठीसाठी थांबणार नाही. तिथे नदीत गळ टाकण्यापूर्वी परवाना लागतो. प्रथम तो काढ. मासा ठेवता येईल की पाण्यात सोडावा लागेल, हेही विचारून घे. आणि आईला तू स्वतः सांग. माझ्या तोंडून तिला कळू नये, असे तुला वाटते. मलाही तसेच वाटते."

दीड महिना उत्तर नव्हते. मी थोडे कठोर लिहिले की काय, अशी मला चुटपुट लागून राहिली. मग पत्र आले. फी वेळेवर भरली गेली होती. सहकाऱ्यांनी त्यांच्या तरुणपणीची एक काठी माळ्यावरून काढून दिली होती. मऊ, मध्यापर्यंत वाकणारी. तिसऱ्या रात्री मासा लागला. "फादर, हात झटका द्यावयास निघाला होता, मी तो धरून ठेवला," असे त्याने लिहिले होते. मासा काठाशी आला आणि त्याने तो पाण्यात परत सोडला.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर त्याच्या आई मला दारात भेटल्या. मुलाने फोनवर सगळे सांगितले होते. फीचे, काठीचे, माशाचे. घरच्या आढ्याला नवऱ्याची बांबूची काठी अजून टांगलेली आहे, तिच्यावरची धूळ पुसली, असे त्या म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारले,

"फादर, एवढा धरला तर मग सोडून का दिला त्यानं? त्या माशाला काटे फार असतात का?"