कमरेला काय बांधावे आणि काय बांधू नये



बंदी आता महिन्यावर आली. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस ट्रॉलर धक्क्याला बांधलेले आणि बऱ्याचशा होड्या झापांखाली. घरात नुस्ते लागतेच, आणि चार पैसेही लागतात. मग जो तो पायी पाण्यात उतरतो. कोणी पाग घेऊन नदीच्या मुखावर, कोणी गरी घेऊन खडपाच्या पायथ्याशी. बायका तर आत्ताच रोज सुकतीला तिसऱ्या काढायला कमरेइतक्या पाण्यात असतात.

गेल्या दोन-तीन वर्षांत आपली तरुण पोरे मोबाईल घेऊन संस्थेच्या ऑफिसात येतात आणि विचारतात, हा वेडिंग बेल्ट मागवू का? पाण्यात उभे राहून मासे धरणाऱ्यांचा कमरपट्टा. चोणक धरायला शहरातून येणाऱ्या गळवाल्यांच्या कमरेला तो दिसतो, त्याला पक्कड लटकते, हुकांची डबी असते, मागे छोटी जाळी असते. पोरांना आवडतो. त्यात चुकीचे काही नाही. आम्ही सांगतो, पट्टा जरूर घ्या. पण मोबाईलवर दिसतो तोच घ्यायचा असे नाही, आणि का, ते इथे जरा सविस्तर लिहितो. विषय फक्त पोरांचा नाही, होडीमालकांचाही आहे आणि तिसरेवाल्या बायकांचा तर सगळ्यात जास्त.

आधी हा पट्टा आला कुठून ते बघा. ही थंड मुलखातली वस्तू आहे. तिथे पाणी एवढे गार की माणूस उघड्या पायांनी उभा राहू शकत नाही. म्हणून छातीपर्यंतची रबरी किंवा प्लास्टिकची विजार घालतात, बूट तिलाच जोडलेले. त्याला वेडर म्हणतात. माणूस घसरून पडला तर वरच्या तोंडातून त्या विजारीत पाणी भरते. ते भरायला वेळ लागावा म्हणून कमरेला घट्ट पट्टा. मूळ काम एवढेच. पक्कड, डबी वगैरे नंतर आले.

आता आपल्याकडे समुद्राचे पाणी बारमाही कोमट. हाफ पँट किंवा काश्टी घालून उतरणाऱ्याला तो मूळ उपयोग काहीच नाही. वेडर कामाचा आहे तो खाजनात, मानशीजवळच्या चिखलात, जिथे कालवांच्या शिंपल्यांनी पाय फाटतात तिथे. तिथे तो घालणार असाल तर पट्टा वेडरच्या वरून, कमरेला घट्ट, सक्तीने. पण वेडर घालून लाटेत कोणी जाऊ नये, पट्टा असो वा नसो. लाट डोक्यावरून येते, पट्ट्याच्या वरचा भाग एका फटक्यात भरतो. काही जण म्हणतात भरलेला वेडर माणसाला खाली ओढतो. तसे होत नाही, पाण्यात पाण्याला वजन नसते. पण त्या विजारीत पाय उचलत नाही, आणि किनाऱ्यावर चढायला जाता तेव्हा ते सगळे पाणी वजन होऊन पायाला लटकते. मागून दुसरी लाट येतेच.

मग आपल्याला पट्टा हवा कशाला? कारण आपण कमरेला काहीतरी बांधतोच. आणि जे बांधतो ते बघून आम्हाला धास्ती वाटते.

तिसरेवाल्या बायकांचे बघा. प्लास्टिकचा टब पाण्यावर तरंगता ठेवायचा, त्याला नायलॉनची दोरी, दोरीचे दुसरे टोक कमरेला, पक्की गाठ मारून. दोन्ही हात मोकळे राहतात, काम सोपे होते. टब भरला की त्यात दहा-पंधरा किलो तिसऱ्या. सुकतीचे पाणी खाली ओढायला लागले की ते सगळे ओझे पाण्याच्या ओढीने एका बाजूला जाते आणि बाईला सोबत घेऊन जाते. नायलॉनची ओली गाठ, तीही ताणलेली, पाण्यात बोटांनी सुटत नाही. पागवाल्यांचे तेच. पागेच्या दोरीचा फास मनगटाला आवळून घेतात, नाहीतर कमरेच्या करगोट्यात खोचतात. चार-पाच किलो शिशाची पाग दगडाला किंवा बुडालेल्या ओंडक्याला अडकली आणि त्याच वेळी पायाखालची वाळू सरकली, तर माणूस पागेला बांधलेला राहतो.

पाण्याची ओढ दुप्पट झाली की तिचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. अमावास्या-पुनवेला उधाणाच्या सुकतीत नदीच्या मुखावर काय होते ते आपल्याला कोणी शिकवायला नको. पावसाळ्यात वर डोंगरातून उतरलेले पाणी त्यात भर घालते. गुडघाभर पाण्यातसुद्धा धडधाकट माणूस उभा राहत नाही.

म्हणून पट्टा निवडताना आमच्या मते पहिला प्रश्न एकच: हा एका हाताने, ओल्या बोटांनी, डोळे मिटून, ताण असताना सुटतो का? बाकी खिसे किती आणि रंग कोणता हे मागाहून.

याची परीक्षा दुकानातच करा. पट्टा कमरेला लावा. बरोबरच्याला मागून जोरात ओढून धरायला सांगा. आता डाव्या हाताने बकल दाबा. बरीच स्वस्त बकले ढिली असताना टचकन उघडतात आणि ताण आला की दाबलीच जात नाहीत. उघडले नाही तर पट्टा परत ठेवा, दुकानदार काहीही म्हणो. दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबून उघडणारे रुंद प्लास्टिकचे बकल आपल्याला बरे. लोखंडी बकल खाऱ्या पाण्यात एका पावसाळ्यात धरते. स्टील हवेच असेल तर ३१६ नंबरचे घ्यावे, ३०४ ला खाऱ्या पाण्यात डाग पडतात. चिकटपट्टीचे, म्हणजे वेल्क्रोचे, तर नकोच. त्यात वाळू आणि जाळ्याचे तुसे बसले की ते नको तेव्हा सुटते. आणि पट्ट्याचे लोंबते टोक पुन्हा गाठ मारून ठेवू नका. आपल्या लोकांना प्रत्येक गोष्टीला शेवटी एक गाठ मारल्याशिवाय चैन पडत नाही!

कापडाचे सांगायचे तर नायलॉन मजबूत, पण पाणी पिते आणि ओले झाले की ताणते. सकाळी घट्ट लावलेला पट्टा तासाभरात ढिला होतो. पॉलिप्रॉपिलीन, आपल्या तरंगत्या दोऱ्या असतात ते, पाणी पीत नाही, पण उन्हाने कुजते. हाताला पांढरी भुकटी लागायला लागली की तो पट्टा संपला. पॉलिएस्टर दोन्हींपेक्षा बरे. रुंदी दोन इंच पुरते. पाठ दुखणाऱ्यांनी, आणि आपल्यात ती कोणाची दुखत नाही, मागे चार-पाच इंचाची गादी असलेला घ्यावा. तासन्‌तास वाकून तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना त्याने खरंच आराम पडतो. निओप्रीनचा जाड पट्टा मऊ असतो, पण आपल्या हवेत लवकर वाळत नाही आणि आठवड्यात वास मारतो.

साडीचा काष्टा घालून उतरणाऱ्या बायकांनी पट्टा साडीच्या वरून लावावा, पदर पट्ट्याखाली खोचू नये. बकल पदराखाली गेले तर ऐन वेळी ते शोधायचे कुठे?

टब बांधायचा असेल तर पट्ट्याला बांधा, कमरेला नाही. तोही थेट नायलॉनने नको. दोरी आणि पट्टा यांच्या मध्ये साध्या सुती दोऱ्याचे दोन-तीन पदर घाला. रोजच्या ओढीला ते टिकावेत आणि जोराचा हिसका बसला की तुटावेत, एवढेच जाड. किती पदर ते आपल्या टबाला बांधून, कोरड्यावर हिसका देऊन बघा. टब गेला तर गेला. तिसऱ्या पुन्हा मिळतात.

सुरी पुढे, पोटाच्या बाजूला, दोन्ही हात पोचतील अशी. माडावर चढणारा कोयता मागे आकडीला लावतो ते माडासाठी ठीक आहे, पाण्यात मागची सुरी हाताला लागत नाही आणि पडलात तर पाठीत घुसते. सुरीचे टोक बोथट, पाते करवती, नायलॉन कापायला तेच चालते. जाळ्यात पाय अडकला तर पट्टा टाकून सुटका नसते, तिथे सुरीच लागते. शिटी मात्र गळ्यात, पट्ट्याला नाही. पट्टा टाकून दिल्यावर शिटी त्याच्याबरोबर गेली तर हाक मारणार कशाने?

आता सगळ्यात घोळ होतो ती गोष्ट. बाजारात तरंगणारे पट्टेही मिळतात, फोमचे आणि फुगणारे. विकणारे सर्रास सांगतात की हा घातला की लाइफ जॅकेट नको. हे खरे नाही. फोमचा तुकडा कमरेला असला की कंबर वर येते आणि तोंड खाली जाते. ढुंगण वर, नाक पाण्यात. शुद्धीत असलेला आणि पोहता येणारा माणूस कसाबसा सावरेल, घाबरलेला नाही. फुगणारा पट्टा जरा बरा, कारण फुगल्यावर तो डोक्यातून घालून छातीवर घ्यायचा असतो. पण ते करायचे शहाणपण त्या क्षणी सुचले पाहिजे, म्हणून उथळ पाण्यात दोन-चार वेळा करून बघायला हवे. आणि घ्यायचाच तर दोरी ओढून फुगणारा घ्या. पाणी लागताच आपोआप फुगणारा होडीत चालतो, पाण्यात उभे राहून काम करणाऱ्याला तो पहिल्याच लाटेत फुगून बसतो. आतली गॅसची नळी एकदाच चालते, मग नवी घालावी लागते, आणि ती गंजली आहे का हे महिन्यातून एकदा उघडून बघावे लागते. हे सगळे करणारा आपल्यात कोण आहे, तुम्हीच सांगा.

या वस्तूंवर ५०, १००, १५० असे आकडे असतात. ते न्यूटनचे. ५० म्हणजे साधारण पाच किलोची उचल. पोहता येणाऱ्याला, किनारा जवळ असताना, एवढी पुरते. पण ५० चे साधन बेशुद्ध माणसाला उताणा करत नाही. होडीतून जाणाऱ्याने १०० च्या खालचे जॅकेट घेऊ नये, लांब जाणाऱ्याने १५० चेच घ्यावे. ज्यावर आकडाच नाही ती शोभेची वस्तू.

यावर ठरलेले उत्तर येते: "माका पेवाक येता." आम्ही ते ऐकत वाढलो. येते, मान्य. पण पोहणे येणारा माणूस टबाला किंवा पागेला बांधलेला असेल तर तो पोहणार कसा?

आता होडीमालकांशी थोडे बोलायचे आहे. लाटांतून होडी बाहेर काढताना चार-पाच जण छातीभर पाण्यात उभे राहून ती ढकलतात. होडी आडवी फिरली की तीच अंगावर येते. या कामाला आता आपल्याकडे बाहेरून आलेले खलाशी जास्त, ओडिशाचे, झारखंडचे. झारखंडच्या पोराने तर इथे येईपर्यंत समुद्र पाहिलेला नसतो, पोहणे लांबच. त्याच्या कमरेला आपण मोबाईलची पिशवी आणि नायलॉनचा दोर बघतो. जॅकेट होडीत असते, फळीखाली, नवेकोरे, प्लास्टिकच्या पिशवीत. तपासणीला दाखवायला.

काही मालक म्हणतात, ज्याने त्याने आपले आणावे, आम्ही किती पुरवायचे? आम्हाला हे पटत नाही. वाटणी करण्याआधी डिझेल आणि बर्फाचे पैसे आपण काढतोच ना? जॅकेट आणि पट्टा त्यातच धरा. एका हंगामात विभागून तो खर्च जाणवणारही नाही.

आणि एक गोष्ट, विषयाला जरा सोडून असली तरी सांगतो. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेखाली मच्छीमाराला अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ५ लाखांचा विमा आहे. पण त्याला यादीत नाव लागते. होडीवर जाणाऱ्या पुरुषांची नावे आहेत. तिसऱ्या काढणाऱ्या आमच्याच बायकांची बहुतेक नाहीत, कारण घरातले म्हणतात, ती कुठे मच्छीमारीला जाते, ती तर तिसऱ्या काढते! कमरेइतक्या पाण्यात रोज तीन-चार तास उभी असते ती मच्छीमार नाही तर कोण? आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक घेऊन त्यांना ऑफिसात पाठवा. फॉर्म आम्ही भरून देतो.

पट्टा वापरून झाला की गोड्या पाण्यात बुडवून बकल चार-पाच वेळा उघड-बंद करा, वाळू निघून जाते. सावलीत वाळवा. तेल-ग्रीस लावू नका, त्याला वाळू आणखी चिकटते.

संस्थेने नमुन्याला तीन प्रकारचे पट्टे आणून ऑफिसात ठेवले आहेत: दोन इंची साधा, गादीचा, आणि दोरी ओढून फुगणारा. येत्या रविवारी सकाळी, सुकती लागायच्या आधी, धक्क्याच्या बाजूच्या उथळ पाण्यात ते लावून बघायचे आहेत. ओढायला आम्ही आहोत, सोडून तुम्ही दाखवायचे. बायकांनी आपापले टब आणि रोजची दोरी घेऊन यावे. किती जणांना कोणता हवा ते त्याच दिवशी लिहून घेऊ आणि एकदम मागवू, म्हणजे भाव कमी करून मिळेल. ज्या मालकांना खलाशांसाठी घ्यायचे आहेत त्यांनी कमरेची मापे आणावीत. गेल्या वेळी जॅकेटे मागवली तेव्हा सगळ्यांनी "मोठी" लिहून दिली होती, आणि अर्धी पोरे त्यातून खाली सरकत होती.

कोणी पाण्यात वाहून जाताना दिसला तर तटरक्षक दलाचा फुकट नंबर १५५४, आणि ११२. मोबाईलमध्ये आत्ताच घालून ठेवा, घरातल्या बायकांच्या मोबाईलमध्येही.

– सचिव, संस्थेच्या वतीने