मामूंच्या लेटरहेडवरची इंटर्नशिप

एमबीएला फायनान्स घ्यायचं की मार्केटिंग, यावर आपली मुलं महिनाभर वाद घालतात. आणि दोन महिन्यांची समर इंटर्नशिप? ती मामूंच्या लेटरहेडवर उरकतात! (मीही इंजिनिअरिंगचा प्रोजेक्ट विकत आणला होता. पहिल्याच मुलाखतीत, दुसऱ्याच प्रश्नाला गप्प झालो.)

अरे, लेटरहेड घेता, तर मामूंच्या कारखान्यातही बसा ना! भिवंडी-मालेगावात यंत्रमाग आहेत. सूतवाला पैसे आधी मागतो, कापडाचे मात्र उशिरा येतात. मधले दिवस मजुरी कशातून द्यायची? पुस्तकातलं वर्किंग कॅपिटल हेच. ऑपरेशन्स घेतलंय? भिवंडीच्या गोदामात उभे राहा, परत आलेला माल मोजा.

गुणपत्रिकेवर स्पेशलायझेशन छापून येतं. मुलाखतीत विचारतात, ‘तू स्वतः काय केलंस?’ आजच मामूंना विचारा, उधारी किती थकलीय.